घूस पिंजऱ्यात का येत नाही? घर, आखाडा आणि धुऱ्यावर सापळा लावण्याची रीत

पहिला पिंजरा मी आठवडी बाजारातून आणला. करडईच्या तेलात माखलेला भाकरीचा तुकडा आकड्याला अडकवला आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-झोपडीच्या जागेवर, कडब्याच्या गंजीला लागून ठेवून दिला. सकाळी जाऊन पाहतो तर पिंजरा जागेवरच नाही. आठ-दहा हात पलीकडे नालीत उलटा पडलेला, दाराची पट्टी वाकलेली, भाकर फस्त. शेजारच्या शेतात मातीकामाला आलेल्या, वडार समाजातल्या एक मावशी ते पाहून हसल्या. "दादा, उंदराच्या पिंजऱ्यात घूस धरायलाव व्हय? आन् काल आणला की कालच लावला? तिला काय घाई हाय?"

दोन प्रश्नांत त्यांनी माझ्या दोन्ही चुका सांगून टाकल्या. वडार समाजातल्या जुन्या माणसांना घुशीची जितकी माहिती असते तितकी मला एकाही पत्रकात सापडली नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं, स्वतः चुकून शिकलेलं आणि कृषी शाखेच्या मित्रांनी समजावलेलं असं सगळं इथे मांडतो आहे. आमचं रान परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. माती काळी, पिकं सोयाबीन, तूर, ज्वारी, हरभरा आणि थोडा ऊस. तुमची जमीन मुरमाड असेल तर काही गोष्टी बदलतील, पण जनावर तेच.

एक गोष्ट आधीच सांगतो. पिंजरा लावणं हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. घूस कोणत्या बिळात राहते, कोणत्या वाटेनं येते आणि कशाला बिचकते हे कळेपर्यंत पिंजरा म्हणजे नुसतं तारेचं खोकं.

आधी ओळख पटवा

गावात सरसकट सगळ्यांना उंदीर म्हणतात आणि मोठा दिसला की घूस. सापळ्याच्या हिशेबानं एवढं पुरत नाही.

घुशीच्या दोन जाती आपल्याकडे महत्त्वाच्या. थोरली घूस म्हणजे शास्त्रीय नावानं बँडिकोटा इंडिका. अंगानं दणकट, अर्धा किलोपासून किलोपर्यंत आणि कधी त्याहून जास्त वजनाची, काळपट राठ केसांची, चिडली की फिस्कारणारी. ही गावात, उकिरड्याजवळ, नाल्यांच्या कडेला, गोठ्याच्या आणि जुन्या भिंतींच्या पायात राहते. धाकटी घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, हिच्या निम्म्याहून लहान. पण शेताचं खरं नुकसान हीच करते, कारण ही नुसतं खात नाही, साठवते. कणसं आणि शेंगा तोडून बिळात नेते. सुगीनंतर बीळ खणलं तर किलोच्या हिशेबानं धान्य निघतं.

इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कू'वरून गेला आहे. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कू म्हणजे उंदीर. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज पडत नाही. एकदा तिनं धुरा, म्हणजे शेताचा बांध, उकरलेला पाहिला की नाव पटतं.

तिसरा, घरातला काळपट उंदीर. सडपातळ, शेपूट अंगापेक्षा लांब, आढ्यावर आणि वाशावर चढण्यात पटाईत. यासाठी पिंजरा जमिनीवर ठेवून उपयोग नाही, वर ठेवावा लागतो. चौथा, शेतातला मऊ केसांचा लहान उंदीर. काळ्या जमिनीच्या भेगा म्हणजे याचं तयार घर. पाचवा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, जरा उड्या मारत पळणारा. हा जास्त करून हलक्या, भुसभुशीत जमिनीत.

जनावर दिसत नसेल तर खुणा वाचा. घरउंदराची लेंडी साधारण सेंटिमीटरभर, थोरल्या घुशीची जवळपास दुप्पट. घुशीच्या बिळाशी ताज्या मातीचा ढीग असतो, त्याला आपण उकीर म्हणतो. धाकटी घूस आत गेली की तोंड मातीनं बुजवून घेते. म्हणजे उकीर दिसतो पण भोक दिसत नाही, आणि नवखा माणूस 'इथं काही नाही' म्हणून पुढे जातो. उलट उघडं, गुळगुळीत, तोंडावर कोळ्याचं जाळं असलेलं भोक बहुधा रिकामं असतं.

आणि बीळ जर तुमचं अख्खं डोकं आत जाईल एवढं मोठं असेल, तर ते घुशीचं नाही. साळिंदर असेल, कोल्हा असेल, क्वचित हनी बॅजरही (मधाची पोळी फोडणारा, मोठी बिळं उकरणारा प्राणी) असू शकतो. तिकडे सापळा न्यायचा नाही. त्याचं कारण पुढे येईल.

बिळं बुजवून मोजा

हे काम नव्वद टक्के लोक टाळतात आणि मग "पिंजऱ्याचा उपयोग नाही" म्हणतात. संध्याकाळी धुऱ्यानं, कालव्याच्या कडेनं, गंजीभोवती फिरा आणि दिसतील तेवढी सगळी बिळं पायानं किंवा फावड्यानं बुजवा. प्रत्येकाजवळ तुराटीचा एक तुकडा रोवा म्हणजे सकाळी जागा चुकणार नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पुन्हा फेरी मारा. जी उघडली तीच जिवंत बिळं.

समजा ४० बुजवली आणि १८ उघडली. तर सापळे त्या १८ भोवती लावायचे, बाकी २२ विसरायची. आठ दिवस पकडून झाल्यावर हीच फेरी पुन्हा करायची. तेव्हा ६ उघडली तर काम दोन तृतीयांश झालं. पिंजऱ्यात किती आले यावरून काही कळत नाही. दहा पकडले याचा आनंद असतो, पण मागे किती राहिले हे फक्त बीळ सांगतं. धाकट्या घुशीच्या बाबतीत हा हिशेब जास्त खरा ठरतो, कारण ती एकटी राहते; पिलं असलेली मादी सोडली तर एका बिळात सहसा एकच.

कधी पकडायचं

सोयाबीन काढल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, घुशींचा सुळसुळाट डोळ्यात भरतो आणि तेव्हाच सगळे जागे होतात. खरं तर तेव्हा उशीर झालेला असतो. रानात खायला मुबलक असताना तुमच्या भाकरीच्या तुकड्याला कोण विचारतो?

माझ्या मते खरा मोसम एप्रिल-मे. ज्वारी, हरभरा, गहू घरात आलेला असतो, रान उघडं पडलेलं, जमिनीला हातहात भेगा. उंदीर-घुशी मग उसाच्या फडात, धुऱ्यावर, कालव्याच्या भरावात आणि आखाड्याभोवती गोळा होतात. जागा थोड्या, भूक मोठी. घुशीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिलं, आणि ती पिलं तीनेक महिन्यांत स्वतः व्यायला तयार. मे महिन्यात एक मादी पकडणं आणि ऑक्टोबरमध्ये एक मादी पकडणं यात किती फरक आहे ते यावरून बघा.

रब्बीत रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाता तेव्हा बॅटरीच्या उजेडात घुशी कुठून कुठे पळतात ते नजरेत ठेवा. बिळात पाणी भरून त्या मरतात या भरवशावर राहू नका. घूस उत्तम पोहते, शिवाय आतून माती लावून पाणी अडवते. माझ्या मोटारीचं अर्ध्या रात्रीचं पाणी एकदा असंच एका धुऱ्याच्या पोटात जिरलं. घूस दुसऱ्या दिवशी तिथेच.

सापळा कसला

बाजारात मिळणारा साधा पिंजरा घरउंदरासाठी ठीक आहे. घुशीसाठी लांबी दीड ते दोन फूट हवी. पिंजरा आखूड असला की अंग आत आणि शेपूट दारात, दार पूर्ण बसत नाही, मग ती मागे सरकून निघून जाते. तार जाड हवी. दाराची स्प्रिंग अशी हवी की एका बोटानं दार सहज उचलता येऊ नये. दार पडल्यावर आपोआप अडकणारी कडी असेल तर उत्तम, नसेल तर लोहाराकडून बसवून घ्या. विकत घेताना दुकानातच पाच-सहा वेळा पाडून बघा. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

पिंजरा खुंटीला तारेनं बांधा किंवा वर दगड ठेवा. किलोभराचं जनावर आत धडका मारतं तेव्हा मोकळा पिंजरा उलटतो आणि उलटलेल्या पिंजऱ्याचं दार उघडतं. माझ्या त्या पहिल्या रात्री हेच झालं होतं.

लाकडी फळीचा चाप, म्हणजे काडकन मिटणारा सापळा, नीट लागला तर क्षणात काम करतो. पण उंदराचा चाप घुशीवर लावला तर तो तिला मारत नाही, जखमी करतो, आणि ती तो ओढत बिळात नेते. मोठ्या मापाचा चाप घ्या आणि साखळीनं बांधा. लहान मुलं, कोंबड्या, मांजर फिरतात तिथे चाप लावूच नका.

तंजावरकडचा बांबूचा धनुष्य-सापळा भातशेतीत प्रसिद्ध आहे. भाताचे चिखलाचे बांध त्याला मानवतात. आपल्या धुऱ्यावर मला तो फार जमला नाही.

चिकट पट्टी मी घरात येऊ देत नाही. उंदीर तासन्‌तास तडफडतो, पाल, चिमणी, कधी सापाचं पिल्लूही चिकटतं, आणि थोरली घूस पट्टीच घेऊन जाते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानंही या पट्ट्यांविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. तारेचे फास, जबड्याचे लोखंडी सापळे आणि कुंपणात वीज सोडणं हे तर सांगायलाच नको. फासात कोल्हा किंवा हरीण अडकलं की तुम्ही शिकारीच्या गुन्ह्यात सापडता, आणि वीज सोडलेल्या तारेला पहाटे शेतात येणारं आपलंच माणूस लागतं.

मग विष का नाही? वापरतात, मीही वापरलं आहे. पण झिंक फॉस्फाइड अर्धवट खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाला महिनोन्‌महिने शिवत नाही, आणि माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात ते गेलं तर त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोननं मेलेला उंदीर घुबडानं खाल्ला की विष घुबडातही उतरतं. एक गव्हाणी घुबड रात्रीत दोन-चार उंदीर सहज उचलतं. ते घालवून पिंजरे लावत बसायचं, हा व्यवहार मला परवडत नाही. रानात इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या काठ्या रोवून ठेवल्या की घुबडं त्यावर बसतात. त्यासाठी खर्च काहीच नाही.

पाच दिवसांची रीत

पहिला दिवस. पिंजरा वाटेवर ठेवा, पण लावू नका. दार वर बांधून टाका. उंदीर-घुशी मोकळ्या जागेतून क्वचित जातात, भिंतीला, गंजीला, धुऱ्याच्या कडेला अंग घासत जातात. त्या वाटेवर गवत दबलेलं असतं, भिंतीवर तेलकट काळा पट्टा दिसतो. पिंजरा त्या वाटेवर, तोंड वाटेच्या दिशेनं. भिंतीपासून हातभर लांब ठेवलेला पिंजरा म्हणजे रस्त्यापासून मैलभर आत टाकलेला धाबा.

तळाला थोडी तिथलीच माती आणि पाचट पसरा. पायाखाली तार लागली की घूस थबकते. वरून गोणपाट किंवा कडब्याची पेंढी टाका, दोन्ही बाजू झाका, फक्त तोंड उघडं ठेवा. बोगद्यासारखं दिसलं की तिला आपलं वाटतं.

दुसरा आणि तिसरा दिवस. पिंजऱ्यात आणि तोंडाशी आमिष टाका, दार बांधलेलंच. नव्या वस्तूला बिचकणं हा या जनावराचा जन्मजात गुण आहे. ओळखीच्या वाटेवर नवं काही दिसलं की दोन-तीन दिवस वळसा घालेल, वास घेईल, परत जाईल. मावशी म्हणाल्या ती 'घाई' हीच. आमिष खाल्लं जातंय का ते रोज पाहा. जिथं खाल्लं जात नाही तिथून पिंजरा दुसऱ्या जिवंत बिळाकडे हलवा आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून मोजा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दार सोडा. सगळे पिंजरे एकाच रात्री लावा. एका घराला किंवा आखाड्याला कमीत कमी चार-पाच हवेत. एकच पिंजरा रोज जागा बदलत फिरवणारे लोक वर्षभर फिरवतच राहतात. पहिल्या दोन रात्रींत जे सापडतात तेच मोठं घबाड. पाचव्या-सहाव्या रात्रीपर्यंत संख्या घसरते. मग पिंजरे उचला, धुवा आणि पंधरा दिवस विश्रांती द्या. तेच पिंजरे तिथेच पडून राहिले की उरलेल्या घुशी त्यांना ओळखायला लागतात.

जी एकदा अर्धवट अडकून सुटली, तिचा नाद सोडा. तिच्यासाठी वेगळ्या घडणीचा सापळा, वेगळं आमिष आणि महिनाभराचं अंतर लागतं.

आमिषाबद्दल प्रत्येकाचं आपलं मत असतं. माझा अनुभव असा की तिथे जे मिळत नाही ते ठेवावं. धान्याच्या कोठीजवळ धान्य ठेवून काय होणार? तिथे टोमॅटोची फोड किंवा उसाचं कांडं चालतं, कारण कोरड्या जागी तिला ओल हवी असते. उसाच्या फडात याच्या उलट, भजं किंवा तेलात परतलेलं खोबरं. शेंगदाणा आणि गूळ कुटून केलेली गोळी कुठेही चालते, फक्त तिला मुंग्या फार लागतात. मुंग्यांनी वेढलेल्या आमिषाला घूस तोंड लावत नाही. पिंजऱ्याभोवती राखेचं कडं करा आणि आमिष सूर्य मावळल्यावरच ठेवा. आमिष आकड्याला दोऱ्यानं घट्ट बांधा. ओढावं लागलं तरच दार पडतं.

आमच्याकडे म्हातारी माणसं पिंजरा लावताना मोठ्यानं बोलू देत नाहीत, "मामाला ऐकू जातं" म्हणतात. ऐकू जात असेल-नसेल, पण हाताला तंबाखूचा, फवारणीच्या औषधाचा वास असेल तर आमिष नक्की वाया जातं. पिंजऱ्याला हात लावण्याआधी मातीत हात चोळून घ्या.

बीळ खणायचं असेल तर

पिंजऱ्याला न येणारी धाकटी घूस खणूनच काढावी लागते. याला दोन माणसं, कुदळ, पहार आणि पोतं लागतं. शेवटचा, सगळ्यात ताजा उकीर शोधा. माती ओलसर आणि भुगाभुगा असते. तिथून खणायला लागण्याआधी आठ-दहा हातांच्या परिघात नीट फिरा. मुख्य तोंडाखेरीज एक पळवाट असते. तिच्यावर आतून मातीचा पातळ थर ठेवलेला असतो. पायाखाली जमीन पोकळ लागली की समजा तीच. त्यावर पोत्याचं तोंड लावून एक माणूस बसतो, दुसरा उकिराकडून खणतो. बाकीची भोकं दगडानं ठोकून बंद. खणायचं नसेल तर मडक्यात शेणी आणि ओलं गवत पेटवून धूर आत फुंकायचा, पण काळ्या मातीला भेगा असल्या तर धूर बिळात कमी आणि तुमच्या डोळ्यांत जास्त जातो.

आता यातला सगळ्यात मोठा धोका. बिळात हात घालायचा नाही. कोणी कितीही धिटाई दाखवली तरी नाही. घुशीचं बीळ हे नाग, घोणस आणि मण्यार यांचं तयार घर असतं, आणि घुशीमागे धामण आत शिरलेली असणं तर नेहमीचंच. तोंडाशी कात दिसली, किंवा तोंड गुळगुळीत असून उकीर जुना दिसला तर ते बीळ सोडून द्या. पायात गमबूट, हातात कातडी किंवा जाड हातमोजे, खणणं दिवसाउजेडी. धामण निघाली तर तिला मारू नका. ती तुमचंच काम फुकटात करते आहे.

कालव्याच्या भरावात मात्र स्वतः खणू नका. घुशीनं पोखरलेला भराव आधीच कच्चा असतो, तुम्ही आणखी उकरला की पाणी फुटतं. तिथे पिंजरेच लावा आणि बिळं पाटबंधारे खात्याच्या माणसाला दाखवा.

भलतंच कोणी सापडलं तर

माझ्या पिंजऱ्यात आजवर मुंगूस दोनदा आणि घोरपडीचं पिल्लू एकदा आलं. उदमांजरही भाकरी-खोबऱ्याला येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार या प्राण्यांना पकडणं, ठेवणं, मारणं हा गुन्हा आहे. हनी बॅजर तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो मोठमोठी बिळं उकरतो, मधाची पोळी फोडतो आणि कोंबड्यांनाही जातो, म्हणून लोक चिडून सापळ्याचा विचार करतात. तो विचार मनातून काढून टाका. कायदा बाजूला ठेवला तरी त्याची कातडी इतकी सैल आणि जाड असते की मानगुटीला धरलेला हनी बॅजर आतल्या आत वळून धरणाऱ्यालाच चावतो. खुराड्याला खालूनही जाळी घाला, जाळीची कड फूटभर जमिनीत गाडा. याहून जास्त त्याच्यासाठी काही करायचं नसतं.

मुंगसासारखं काही सापडलं तर पिंजऱ्यावर गोणपाट टाका, अंधार झाला की ते शांत होतं. लांब काठीनं दार उचलून जागच्या जागी सोडून द्या. जखमी असेल किंवा मोठं जनावर असेल तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. म्हणूनच पिंजरे उजाडताच तपासायचे. मे महिन्यात दहा वाजेपर्यंत पत्र्याशेजारच्या पिंजऱ्यात कोणतंही जनावर भाजून मरतं.

पकडल्यानंतर

गणपतीचं वाहन म्हणून बरेच जण गावाबाहेर नेऊन सोडतात. भावना कळते, पण ज्याच्या शेतात सोडली त्याचं काय? आणि सोडलेली परतही येते. मारायचंच असेल तर लवकर मारा. अख्खा पिंजरा हौदात बुडवायची पद्धत सर्रास आहे, पण चांगलं पोहणाऱ्या जनावराला ती बराच वेळ तडफडवते. पिंजऱ्याच्या दाराला जाड पोत्याचं तोंड बांधा, घूस पोत्यात आली की कोपऱ्यात दाबून डोक्यावर दांड्याचा एकच नेमका घाव. हात कचरत असतील तर हे काम ज्याला येतं त्याला द्या. मेलेली घूस उघड्या हातानं उचलू नका. दीड-दोन फूट खोल पुरा, वर चुना टाका. नालीत, विहिरीजवळ फेकायची नाही.

उंदीर-घुशीच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला भेग किंवा जखम असताना ओल्या गोठ्यात अनवाणी फिरलं तरी तो लागू शकतो. पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवून दिवसभर उन्हात ठेवा. घूस चावली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. हळद भरून बसू नका. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना घूस चावल्याचं आठवणीनं सांगा.

उंदीर आपणहून मरू लागले तर पिंजरे काढा

मराठवाड्यात हे वेगळं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंतींची, माळवदाची घरं कोसळली, माणसं उघड्यावर आली, आणि पडक्या घरांत धान्य तसंच राहिलं. उंदरांना याहून काय हवं? पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले. त्याआधी गावकऱ्यांनी मेलेले उंदीर आणि पिसवांचा त्रास पाहिला होता. सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं.

प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात, आणि जवळचं गरम अंग आपलं असतं. म्हणून विष न घालता, सापळा न लावता घरात-गोठ्यात एकामागून एक उंदीर मरून पडायला लागले, पिसवा चावायला लागल्या, तर पकडणं ताबडतोब थांबवा. त्या वेळी आणखी उंदीर मारणं म्हणजे पिसवा माणसांवर सोडणं. आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर, आणि ती फवारणी आरोग्य खात्याची माणसं करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा, मेलेल्या उंदराला हात लावू नका. तापासोबत काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली तर तासभरही वाट पाहू नका. वेळेवर प्रतिजैविक मिळालं तर प्लेग बरा होतो.

जागा बंद करणं

पकडलेल्या घुशीची जागा रिकामी राहत नाही. शेजारच्या धुऱ्यावरची दुसरी घूस काही दिवसांत तयार बिळात येऊन राहते. एकट्यानं एक एकर साफ करून भागत नाही. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी एकाच आठवड्यात फेरी काढली तर फरक दिसतो. आमच्या शिवारात हे दोनदाच जमलं, कारण तिसऱ्या वर्षी धुऱ्यावरून भांडण होतं आणि घुशीला मोकळीक मिळते.

घरात भिंतीचं भोक नुसत्या मातीनं बुजवू नका. आधी फुटक्या काचेचे तुकडे आणि खडी ठोका, मग सिमेंट. काम रात्री, घूस बाहेर पडल्यावर करा, ती आत असताना बुजवलं तर दुसरीकडून भिंत पोखरते. जुन्या वाड्यातलं बळद, म्हणजे भिंतीतलं धान्य साठवायचं पोकळ कोठार, वापरात नसेल तर ते आतून भरून टाका. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी मारा. चौकट आणि उंबरा यांत बोटभर फट असली तरी लहान उंदीर आत येतो. धान्याची कोठी भिंतीपासून हातभर सरकवा, म्हणजे मागून वाट राहत नाही आणि मांजरालाही फिरता येतं.

आखाड्यावर कडब्याची गंजी आणि सोयाबीनची बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, जमिनीवर रचू नका. खाली दगड मांडून त्यावर बल्ल्या टाका, म्हणजे खालून हवा खेळते आणि आत घर करता येत नाही. धुरे दर उन्हाळ्यात थोडे कापून अरुंद करा. रुंद, गवताळ धुरा म्हणजे घुशींची वस्ती. पण सगळंच गवत जाळू नका, घोरपड-मुंगसालाही तिथेच राहायचं असतं.

यंदाच्या मे महिन्यात बुजवलेल्या ३१ बिळांपैकी दुसऱ्या दिवशी १४ उघडली होती, पिंजरे उचलल्यावर ३. त्यातलं एक कालव्याच्या भरावात आहे. तिथली घूस आमिष खाते, पिंजऱ्यात येत नाही. टोमॅटो दिला, भजं दिलं, गुळाची गोळी दिली. आता पिंजरा महिनाभर उघडाच ठेवलाय, दार बांधून.